एका नंबराचे दोन धनी
सासूबाईंच्या घशावर ती छोटी खानावळ चालायची. ताट तयार झालं, की गल्ल्यावरूनच हाक जायची, "ए निळ्या शर्टा, तुझं ऑम्लेट!", "चष्मेवाल्या काकू, सूप निवतंय!" नंबर नाही, चिठ्ठी नाही, सगळा कारभार चेहरे ओळखून. शेवटी घशानेच हात टेकले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "तीन महिने कुजबुजसुद्धा नको. आता ओरडलात तर आवाज कायमचा जाईल."

मग सुनेने कंबर कसली. प्रोग्राम लिहिणं हा तिचा पेशाच होता. बिलाच्या मशीनसाठी तिने स्क्रिप्ट लिहिली. बिल निघालं, की ऑर्डरला आपोआप पुढचा नंबर मिळणार, आणि ताट झालं की तोच भिंतीवरच्या पडद्यावर दिसणार. सासूबाईंनी पाटीवर खडूने बजावलं, 'एक घोटाळा झाला, की मी ओरडणार.' बाई पाटीवर बोलल्या तरी बोलल्याप्रमाणे करणाऱ्या होत्या. सुनेला रात्रभर झोप नाही.

पहिलीच दुपार. पडद्यावर चार नंबर झळकला आणि दोन माणसं उठली. एक धिप्पाड ट्रकचालक, एक काडीसारख्या मास्तरीणबाई. दोघांच्याही पावतीवर चार! ताटात भाताचा डोंगर. चालकाने हात पुढे केला.

"अहो, तो माझा आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुमचं सूप असेल."

लोक हसले, पण सुनेने झटकन मागे वळून पाहिलं. कारण तिकडे सासूबाई उठल्या होत्या, आणि त्यांनी तोंड उघडलं होतं.

"आई, नको!" सून स्टुलावर चढली आणि आयुष्यात पहिल्यांदा गर्दीसमोर ओरडली, "भात मास्तरीणबाईंचा! ट्रकवाले दादा, सूप येतंय! लाल ओढणी, तुमचा पाव तयार!" आवाज चिरकला, पण ताटं बरोबर गेली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. सासूबाई तोंड मिटून खाली बसल्या.

पण घोटाळा झाला कसा? तेवढ्यात गल्ल्यापुढची रांग संपली आणि आता गल्ल्यावर बसणाऱ्या सासऱ्यांनी सवयीने मशीनचं बटण बंद केलं.

"बाबा, हे काय?"

"गिऱ्हाईक नाही, तर फुकट वीज कशाला जाळायची?"

सुनेने कपाळावर हात मारला. मोजणी मशीन चालू असेपर्यंतच टिकत होती. आतली ताटं अजून शिजतायत, आणि इकडे बटण दाबलं की पुन्हा एकपासून! बाबांची खोड मोडण्यापेक्षा स्क्रिप्ट सुधारणं सोपं होतं. तिने प्रत्येक नंबर बिलाबरोबर साठवला, आणि मशीन सुरू झालं की त्याला आधी आजचं शेवटचं बिल बघायला लावलं.

"बाबा, आता करा बंद. परत चालू करा."

मशीन जागं झालं आणि पुढचाच नंबर निघाला. सुनेचा जीव भांड्यात पडला. बाबांनी मग हौसेने आणखी दोनदा बंद करून पाहिलं.

चाचणीचा तो नंबर तिने मुद्दाम सासूबाईंच्या जेवणाचाच काढला होता. पावती तिने त्यांच्या हातात ठेवली. ऐन गर्दीत त्यांनी कधी गरम घास खाल्ला नव्हता. त्या बुचकळ्यात पडल्या, पण पडद्यावर नंबर येताच उठल्या, रांगेत उभ्या राहिल्या, पावती दोनदा ताडून पाहिली आणि आपलं ताट उचललं. खिडकीपाशी बसून त्यांनी सुनेला हाताने खूण केली, समोर ये, बस.

मग सासू-सून एकाच ताटात जेवल्या. बाहेर गर्दी वाढत होती, आणि सासूबाई एक शब्दही बोलल्या नाहीत.