माझ्यापाशी राहील

पट्टीचा शून्याकडचा कोपरा झिजून गोल झाला होता, म्हणून लेक मोजताना एकच्या रेघेपासून सुरुवात करायची आणि शेवटी एक वजा करायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. बारा वर्षांच्या मुलीनं आपलं आपण शोधून काढलेलं... एरवी हे लगेच ग्रुपवर गेलं असतं, फोटोसकट, आणि दुपारपर्यंत चाळीस आयांनी आपापल्या घरातल्या झिजलेल्या पट्ट्या दाखवल्या असत्या. आज आई नुसतीच त्या कोपऱ्याकडे बघत बसली होती. लेक स्वयंपाकघराचा नकाशा काढत होती, ओटा कागदावर चौदा सेंटिमीटर यायला हवा की साडेतेरा यावर स्वतःशीच हुज्जत घालत होती, आणि टेबलावर पालथा ठेवलेला फोन दर मिनिटाला थरथरत होता — पालथा ठेवून काय होणार, वाचायचं ते सकाळी चहा गाळता गाळता वाचून झालंच होतं.

‘आपल्या हेडबाईंनीसुद्धा मुलीच्या ऑपरेशनच्या वेळी देवाची प्रार्थना केली होती. त्यांनी स्वतः मला सांगितलं आहे. मग त्या बेकरीवाल्याला आपण कुठल्या तोंडानं नाही म्हणतो?’

खाली खारूताईचं नाव. त्याखाली एकशे बारा उत्तरं.

हेडबाई हे तिचं नाव ग्रुपनंच ठेवलेलं. शाळा सोडून मुलांना घरी शिकवणारी माणसं, आणि त्यांनी आपल्यातल्या एकीला हेडबाई म्हणावं — पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. खारूताईचं नाव मात्र तिनं स्वतः ठेवलं होतं, कारण ही बाई कुठून कुठून गणिताचे खेळ, पानांची चित्रं, विजेचे सोपे प्रयोग गोळा करायची आणि नीट कप्पे करून साठवून ठेवायची. पाच वर्षं दोघींनी मिळून हे उभं केलं. सात घरं होती, चारशे झाली. दोघी दोन गावांत, प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. पण खारूताईच्या खोकल्यावरून तिकडे हवा बदलली हे हिला कळायचं, आणि हिच्या ‘हं’वरून आज घरात काहीतरी बिनसलंय हे तिला.

आणि तिनं...

“आई, दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवायचं का?” लेकीनं विचारलं. ती म्हणाली, दाखव. आवाज नेहमीसारखाच आला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

सगळं सुरू झालं ते लेक सहा वर्षांची असताना. ती स्वतः तेव्हा लेकीच्याच शाळेत शिकवायची, शेजारच्याच वर्गावर. सकाळची प्रार्थना चालू असताना लेकीनं हात जोडले नाहीत. का, म्हणून वर्गाच्या बाईंनी विचारलं, तर म्हणाली, कोण ऐकतंय ते सांगा, मग जोडते. उद्धटपणा नव्हता तो, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं, आणि हातात हजेरीपट घेऊन व्हरांड्यातून येताना आईला ती दिसली — भिंतीला पाठ लावून, हात मुद्दाम मागे बांधून, रडू नये म्हणून खालचा ओठ दातांत धरून. त्या महिन्याअखेर तिनं नोकरी सोडली. लेकीची शाळाही सोडवली. आणि मग, आपल्यासारखं आणखी कोणी आहे का हे शोधता शोधता तो ग्रुप, त्याचे नियम. त्यातला तिसरा तिनं शब्द न् शब्द तोलून लिहिलेला — इथं येणाऱ्या घरात मुलांचं शिक्षण धर्मावाचून होतं.

बेकरीवाल्यानं गेल्या आठवड्यात फॉर्म भरला होता. बायको वारली, दोन मुली, पहाटेची भट्टी उरकली की दिवसभर त्यांना घरीच शिकवतो. शेवटच्या रकान्यात, कोणी विचारलं नसताना, लिहिलं होतं: रात्री जेवायच्या आधी आम्ही त्यांच्या आईनं शिकवलेल्या दोन ओळी म्हणतो, त्या मला बंद करता येणार नाहीत. तिनं उत्तर पाठवलं — आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहोत, मात्र... त्या ‘मात्र’पाशी ती थोडी थांबली होती, हेही खरं. खारूताईनं दोनदा फोन करून सांगितलं, घे गं त्याला. ती म्हणाली, आज दोन ओळी, उद्या चार. नियम म्हणजे नियम.

डोळ्यांपुढून ते हॉस्पिटल जाईना. गेल्या वर्षी लेकीचं अपेंडिक्स फुटलं, तासाभरात होईल म्हटलेलं ऑपरेशन तीन तास चाललं. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. समोर हिरवट रंगाचं बंद दार, दारावर लाल दिवा, बाकाचा एक पाय लंगडा... आणि आपले हात एकमेकांवर आलेले तिला दिसले. जोडले असं म्हणणं बरोबर नाही, ते आले. मग तोंडातून दोन शब्द निघाले. ‘ठेव तिला.’ मोठ्यानं. शेजारच्या म्हाताऱ्यानं मान वळवून पाहिलं, इतक्या मोठ्यानं.

आठ दिवसांनी तिनं ते खारूताईला सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार होती? आवाज नोंदवून पाठवलं, कारण लिहवेना. आणि तिचं उत्तर आलं होतं: ‘हे माझ्यापाशी राहील.’

माझ्यापाशी राहील.

भांडी घासायच्या निमित्तानं ती आत गेली आणि फोनमध्ये मागे मागे जात तिनं स्वतःचा तो जुना निरोप शोधून काढला. कानाशी धरला. देव हा शब्द आपण उच्चारला नव्हता, एवढी तिची खात्री होती, आणि ती खरीच निघाली — देव नव्हता. पण शेवटी, दम खात, तिचाच आवाज म्हणत होता: ‘प्रार्थनाच म्हण ना. दुसरं काय म्हणायचं त्याला?’ तिनं नळ सोडला, बंद केला. म्हणजे एकच शब्द उरला जो खारूताईनं पदरचा घातला होता, आणि तेवढाच एक ती सकाळभर मुठीत धरून राहिली.

दुपारी नवऱ्याचा दुकानातून फोन आला. तो चष्मे बनवतो. मागे काच घासायच्या यंत्राची घरघर चालू होती. ग्रुपवर तोही होता, वाचायचा क्वचित. पण आज कोणीतरी त्याला मुद्दाम दाखवलं असणार.

“मी औषधं आणायला गेलो होतो, तेव्हा का?” त्यानं विचारलं.

“हो.”

“आणि मी वर आलो तेव्हा तू म्हणालीस, पाणी आण.”

यंत्र बंद झालं. तो ‘बरं’ म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. तो रागावला असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं... त्या ‘बरं’शी काय भांडायचं?

मग तिनं खारूताईला फोन लावला. दिवसभर तिनं मनात वाक्यं जुळवली होती, धारदार, एकाखाली एक. पलीकडून ओळखीचा खोकला ऐकू आला आणि त्यांतलं एकही हाताशी राहिलं नाही.

“तू म्हणाली होतीस, तुझ्यापाशी राहील.”

“म्हणाले होते.”

“चारशे घरांसमोर मांडलंस.”

खारूताईनं नाही म्हटलं नाही. ती म्हणाली, दोनदा तुला एकटीला सांगून पाहिलं. म्हणाली, त्या माणसाला तू जे लिहिलंस ते पुन्हा एकदा वाच, मला तुझी लाज वाटली — आणि आजवर कधी वाटली नव्हती. म्हणाली, मला वाटलं लोक तुला समजून घेतील, आणि मग त्यालाही. तिचा आवाज शांत नव्हता. ती रात्रभर जागी असावी.

“देव हा शब्द मी वापरला नव्हता,” हेडबाई म्हणाली.

मग खारूताई हळूच म्हणाली, “बरं. तेवढा शब्द काढते.”

आणि दोन मिनिटांत तिनं तो खरंच काढला. ‘मुलीच्या ऑपरेशनच्या वेळी प्रार्थना केली होती.’ आता वाक्यात खोटं काहीच राहिलं नव्हतं. आता दात-ओठ खाऊन भांडावं असं त्यात उरलं तरी काय? तरीही छातीत तेच — कोणीतरी आपल्या घराची किल्ली परक्यांच्या हातात दिली, आणि ती किल्ली आपणच एकदा विश्वासानं दिली होती... चारशे जण आत येऊन त्या लंगड्या बाकावर बसले, हात निरखून बघू लागले. कोणी लिहिलं होतं, माणूस आहे, चालायचंच. कोणी, मग नियम कशाला? कोणी तर, अभिनंदन. ते अभिनंदन तिला सगळ्यांत जास्त झोंबलं.

संध्याकाळी नकाशा पुरा झाला. लेकीनं तो भिंतीला टेकवून उभा केला, दोन पावलं मागे सरून पाहिला, आणि तिच्याकडे न बघताच म्हणाली, “मुलांच्या ग्रुपवर पण आलंय.”

लेकीनं पेन्सिल डब्यात ठेवली, डबा मिटला.

“मी आत असताना तू हात जोडलेस?”

“हो.”

“कोण ऐकतंय, कळलं का तुला?”

“नाही,” ती म्हणाली. “मला तेव्हा विचारायचं सुचलंच नाही.”

यावर लेक हसेल असं तिला क्षणभर वाटलं. ती हसली नाही.

“जोडलेस त्याचं काही नाही गं,” ती म्हणाली. सावकाश, गणितातल्या पायऱ्या सांगते तशी. “मला बरं नव्हतं, तू घाबरलीस. पण मी बरी होऊन घरी आले, वर्ष झालं. तू खारूताईला सांगितलंस. मला नाही सांगितलंस. मला वाटायचं, आपण दोघी कधीच जोडत नाही.” मग जरा वेळानं, “तेव्हा वर्गाबाहेर उभी होते ना, तेव्हापासून वाटायचं.”

ती काहीतरी म्हणाली, काय ते तिला नंतर आठवेना. बहुधा तू लहान होतीस, असंच काही. लेकीनं मान हलवली, समजूतदारपणे, बाहेरच्या माणसासमोर हलवावी तशी. मग ती आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, उघडंच ठेवलं.

स्वयंपाकघरात उजेड कमी होत चालला होता. ती टेबलाशी बसली, फोन समोर घेतला. ग्रुपला उत्तर द्यायला हवं होतं, सगळे वाट बघत होते. ‘मित्रांनो’ लिहिलं, खोडलं. ‘माझ्याबद्दल जे लिहिलं गेलं’ — खोडलं. बेकरीवाल्याचा फॉर्म उघडला. शेवटचा रकाना पुन्हा वाचला. त्याच्या मुलींना माहीत असणार, आपला बाप जेवायच्या आधी काय म्हणतो. रोज त्याच्या शेजारी बसूनच तर म्हणतात. तिनं फॉर्म मिटला.

हे आता कोणाला तरी सांगायलाच हवं होतं — लेक काय म्हणाली ते, ती सावकाश कशी बोलली, दार कसं उघडं ठेवून गेली ते. ऐकणाऱ्यानं वाटेत दम खाऊ दिला पाहिजे, मध्ये बोलायचं नाही, नुसतं खोकायचं... आणि हे असं ऐकणारं माणूस जगात एकच होतं. तिच्या लक्षात आलं तेव्हा खारूताईचं नाव समोर उघडलेलं होतं आणि अंगठा आवाज नोंदवायच्या बटणावर आला होता. राग गेला नव्हता. अजिबात गेला नव्हता. तो तिथंच होता, सकाळइतकाच कडक. पण त्या रागाबद्दल सांगायचं तरी तिलाच सांगायचं होतं. अंगठा तिनं दाबला नाही, उचललाही नाही.