तिसरा आकडा

आतल्या खोलीतून सर्रकन आवाज आला आणि दुपारची सामसूम मोडली. बुटाच्या आकड्यांतून नाडी ओढली जावी, तसा. तिच्या हातातला कप ओठांपाशीच थांबला. रिंकवर मुलांना बर्फावरचं स्केटिंग शिकवताना हा आवाज ती दिवसातून शंभरदा ऐके. घरात कधी नाही.

घरात दोघीच होत्या, दाराला आतून कडी होती. सहा वर्षांची लेक नवे स्केट्स कुशीत घेऊन झोपली होती. उद्या तिचा बर्फावरचा पहिला दिवस. इतकी वर्षं तिने लेकीला रिंकच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नव्हतं. पण पोरीने हट्टच धरला, तेव्हा कुठे तिने हात टेकले.

रिंकवरची मुलं पाठीमागे तिला नाडीबाई म्हणत. मिशी फुटलेला पोरगा असला, तरी त्याचा पाय मांडीवर घेऊन स्वतः नाड्या आवळल्याशिवाय ती त्याला बर्फावर सोडत नसे. पालक म्हणत, काय शिस्त आहे बाईंची. ती ऐकून घेई.

एके काळी ती आणि दादा जोडीने स्पर्धा खेळायचे. तो तिच्या नाड्या बांधणार, ती त्याच्या, असा नेमच होता. "आपल्या आपण बांधल्या की माणूस स्वतःचे लाड करतो, ढिल्या ठेवतो," दादा म्हणे. तिचा डावा घोटा दुखरा. त्या बुटाचा तिसरा आकडा तो रिकामा सोडायचा, नाडीला घोट्यामागून एक वेढा द्यायचा आणि टोक आत खोचायचा. ही रीत दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

शेवटच्या स्पर्धेच्या सकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलं. तरी त्याने मुकाट्याने तिच्या नाड्या बांधल्या. मग आपला पाय पुढे केला.

"तुझ्या तू बांध," ती म्हणाली.

नाचाच्या शेवटी त्याने तिला डोक्यावर उचललं, अलगद खाली ठेवलं, आणि स्वतःच्याच सुटलेल्या नाडीवर त्याचं पातं आलं. तो पुन्हा उठला नाही. चौकशीत सगळा दोष वेगाला लागला. कुणी पोचायच्या आत तिने ती नाडी त्याच्या बुटात खोचून टाकली होती.

घरात दादाचा एकही फोटो नव्हता. आपल्याला मामा होता, हे लेकीला माहीतच नव्हतं.

ती उठून आत गेली. लेक पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती. दोन्ही पायांत स्केट्स. साधा सँडलचा पट्टा लावायचा तरी 'आई, हे लाव ना' म्हणणारी पोर. तिने खाली बसून डावा पाय मांडीवर घेतला. नाडीखाली करंगळीही शिरेना. वेढा घोट्यामागून गेला होता. तिसरा आकडा रिकामा होता.

"कुणी बांधल्या गं?"

"मामाने."

"कुठला मामा?"

"असं काय करतेस? तुझा दादा." लेक हसली. "त्याचे हात केवढे गार! मी म्हटलं, हातमोजे घाल की. तर म्हणतो, हातमोज्यांनी गाठ बसत नाही."

तिने मान वर केली नाही. हे वाक्य तिने याच सुरात, घोट्यावर गार बोटं असताना, कितीदा तरी ऐकलं होतं. समोर फरशीवर पाण्याच्या दोन बारीक, सरळ रेघा होत्या. त्यांच्या कडेने तिसरी, नागमोडी, काहीतरी लोंबत गेल्यासारखी. पलंगापासून निघून तिन्ही रेघा खिडकीजवळच्या रिकाम्या स्टुलापाशी थांबल्या होत्या.

पदराने त्या पुसायला तिचा हात पुढे झाला आणि तसाच राहिला.

"आई," लेकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, "तो केव्हाचा पाय पुढे करून बसलाय. त्याच्या कधी बांधणार?"