पुलावरचे ठोके

पुलाच्या ऐन मध्यावर वाहतूक थिजली, तेव्हा फ्यूजने सवयीने चारही इंडिकेटर लावले आणि मागच्या सीटवर आडव्या झालेल्या धाकट्या बहिणीकडे वळून पाहिले. गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारा हा माणूस जरा काही झाले की तापे आणि तितक्याच झटक्यात विझे. म्हणून गॅरेजमध्ये त्याला हे नाव पडले होते. आज मात्र त्याला तापायचेही सुचत नव्हते. बहिणीला नववा लागला होता आणि पोटातले बाळ सकाळपासून हललेले नव्हते. दवाखाना पुलापलीकडे, तिचा नवरा तिथे दारात उभा, आणि पुढे एक ट्रक आडवा झालेला.

"दादा, अजून नाही रे हलत."

"झोपलं असेल. मामावर गेलंय," तो म्हणाला.

शेजारच्या नर्सबाई सोबत आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून बाळाचे ठोके ऐकण्याचे छोटे यंत्र काढले, बटण दाबले. काहीच नाही. मागचे झाकण उघडले तर सेल पाझरून पांढरे पडलेले.

"मेल्यांना आजच मरायचं होतं!" बाई पुटपुटल्या. पुलावर दुकान कुठले?

"किती सेल लागतात?"

"तीन."

तीन सेल म्हणजे साडेचार व्होल्ट. गाडीत बारा, इंजिन चालू असताना चौदा. ते जसेच्या तसे दिले तर यंत्र क्षणात राख होईल. लायटरच्या सॉकेटमधला मोबाइलचा चार्जर त्या चौदाचे पाच करत होता. उरलेला अर्धा व्होल्ट खायला त्याच्या हत्यारांच्या डब्यात एक डायोड होता. फ्यूजने पक्कड घेतली आणि चार्जरची वायर कापली.

"अरे, माझा चार्जर!"

"नवा आणतो."

"इस्त्री उघडलीस तेव्हाही हेच म्हणाला होतास. ती अजून डब्यात पडलीय."

ती हसली, आणि हसता हसता तिचा हात पुन्हा पोटावर गेला. तो खाली मान घालून वायरचे आवरण सोलत राहिला. आयुष्यभर त्याने या विजेवर हॉर्न ओरडायला लावले होते, हेडलाइटांना अंधार फाडायला शिकवले होते. इतक्या हळू, इतक्या जपून ती कुणाच्या ओंजळीत घालायची वेळ प्रथमच आली होती. मीटर लावून त्याने आकडा दोनदा पाहिला. लाल वायर इकडे, काळी तिकडे. यंत्राचा दिवा लागला.

नर्सबाईंनी जेली लावून यंत्राचे टोक पोटावर टेकवले. स्पीकरमधून खरखर आली, एक बारीक गुणगुण आली, आणि त्या गुणगुणीच्या तळातून: टक्... टक्... टक्...

"ऐकू येतंय! दादा, ऐकू येतंय!" बहीण रडू लागली.

बाईंचा चेहरा मात्र उतरला. "फार संथ आहे," त्या त्याच्या कानाशी कुजबुजल्या. "बाळाचं काळीज असं नाही चालत. असं चालत असेल तर..."

त्या एकाच आवाजात बहिणीला जीव ऐकू येत होता, बाईंना मरण. फ्यूजला त्यात आपला धंदा ऐकू आला. डॅशबोर्डवरचे दोन हिरवे बाण त्याच तालात उघडमीट करत होते. दर ठोक्याला चार दिवे वीज ओढत होते आणि तोच हिसका वायरीतून यंत्रात शिरत होता. हे त्याने वायर जोडतानाच ओळखायला हवे होते. ते न ओळखणे इलेक्ट्रिशियनला शोभणारे नव्हते.

त्याचे बोट इंडिकेटरच्या बटणापाशी थबकले. हे बंद केले आणि खाली काहीच नसले तर? बहिणीच्या गालावरचे ते पाणी आणखी थोडा वेळ आनंदाचेच राहू द्यावे, असे त्याला वाटून गेले. मग त्याने बटण दाबले.

टक् थांबले.

"थांबलं! दादा, थांबलं!"

"ते बाळाचं नव्हतं गं. इंडिकेटरचं होतं, माझ्या गाडीचं. जरा दम धर."

पण गुणगुण उरली होतीच, ती इंजिनाची. बॅटरी जुनी झालेली. लोकांच्या बॅटऱ्या बदलणाऱ्याला स्वतःच्या गाडीसाठी सवड मिळाली नव्हती. इंजिन एकदा बंद केले की पुन्हा लागेलच याचा भरवसा नव्हता. त्याने किल्ली एक घर मागे फिरवली; इंजिन थांबले, लायटरची वीज चालू राहिली.

शांतता गाडीत उतरली, जणू कुणी वरून काळे मखमली कापड अंथरावे. बाई यंत्राचे टोक तसूतसूने सरकवत होत्या. नाभीखाली, डावीकडे, आणखी डावीकडे. काहीच नाही. कुठेतरी दूर वाऱ्यासारखे बहिणीचे स्वतःचे रक्त वाहत होते. बाईंनी टोक किंचित कलते केले.

आणि ते आले. घाईचे, ओले, टपोरे. ओल्या वाळूवरून चिमुकला घोडा भरधाव निघावा तसे. कुणाच्याही तालाशी न जुळणारे, कुणाचीच वीज उसनी न घेतलेले.

"हे," बाई म्हणाल्या आणि टोक तिथेच घट्ट धरून राहिल्या. "हे बघ. हे तुझं."

बहीण रडली नाही. डोळे विस्फारून ती आपल्याच पोटाकडे पाहत राहिली, तिथे प्रथमच कुणी दिसल्यासारखी. फ्यूज वायरीचा जोड चिमटीत धरून बसला होता. त्याच्या बोटांतून जाणारी वीज मुंगीलाही जाणवली नसती. पोटातल्या काळोखात कुठल्याही स्विचशिवाय सुरू झालेले, आपले आपण चाललेले ते यंत्र ऐकवण्यापुरतीच ती होती. ते कुणी जोडले, पहिली ठिणगी कुठून आली, हे त्याला विचारता येईना. त्याचे डोके आपोआप खाली झुकले.

पुढची वाहने हलली. मागून हॉर्नचा गिल्ला उठला.

"दादा, जरा थांब ना. अजून थोडं."

"दवाखान्यात ऐकू. मोठ्या यंत्रावर."

स्टार्टरचा झटका यंत्राला लागू नये म्हणून त्याने आधी वायर काढली. ठोके नाहीसे झाले. पण गाडीत आता कुणी त्याला थांबणे म्हणाले नाही. त्याने किल्ली फिरवली. इंजिन कण्हले, अडखळले, आणि लागले.