हप्ते फिटेपर्यंत डबीत

मित्रांनो, मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावात मात्र मला सगळे 'हौसाचं कानाचं मशीन' म्हणतात.

मी रत्नागिरीतल्या एका दुकानात बरेच दिवस पडून होतो. माझी किंमत तेवढी गिऱ्हाइकांना पहिल्या फटक्यात ऐकू यायची आणि ती उठून जायची. हौसा सुकी मासळी विकते. बारा वर्षं तिला ऐकू येत नव्हतं. नवरा काशीराम बोलला की ती ओठांकडे बघून 'होय' म्हणायची. शेवटी त्यानं दिव्यांगांसाठीच्या कर्ज योजनेत तिचा अर्ज भरला. जामीन राहिलेल्या तिच्या दिरानं, अनिलभावजींनी, सही करताना चेहरा असा केला, जणू अंगणातलं हापूसचं कलमच उपटून देतायत! चोवीस हप्ते ठरले आणि मी घरी आलो.

दुसऱ्याच दिवशी हौसानं मला डबीत घातलं आणि डबी तांदळाच्या पिंपात पुरली.

"अगो, कानात घालायचं तां!" काशीराम हातवारे करत ओरडला.

"पैसे फिटले नाय तोवर आपलं कसं? खाऱ्या वाऱ्यानं बिघडलं तर हप्ते काय मासे भरणार?"

दर महिन्याच्या पाच तारखेला मात्र ती मला घालून हप्ता भरायला जायची. कर्जाच्या ऑफिसातले साहेब विचारायचे, "मावशी, ऐकू येतंय ना?"

"स्वच्छ!" ती ऐटीत सांगायची. घरी आली की मी पुन्हा तांदळात. एकोणीस महिन्यांत मी एकोणीस दिवस कामावर होतो.

मग काशीरामचा घसा बसला, तो सुटेचना. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, घशात गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल, आवाज राहणार नाही. शनिवारी सकाळी तो हौसासमोर बसला आणि ओठ सावकाश हलवत म्हणाला, "माझा आवाज जायचाय सोमवारी. तुझे हप्ते फिटायचेत फेब्रुवारीत. हिशोब तूच कर."

हौसा उठली. पिंपात कोपरापर्यंत हात घातला. मला बाहेर काढून कानात बसवलं.

"बोला," ती म्हणाली.

काशीराम खरखरत म्हणाला, "तुझी आमटी खारट असते. इतकी वर्षं सांगतोय, आणि तू आपली होय म्हणत्येस."

हौसा हसली, आणि पदर तोंडाला लावून रडली. ते दोन दिवस तो बोलत होता. जुनी भांडणं, शेजाऱ्यांच्या कागाळ्या, काय वाट्टेल ते. तिनं एकदाही 'पुरे' म्हटलं नाही.

आता काशीराम बोलत नाही. हाक मारायची झाली की ताटलीवर वाटी वाजवतो, आणि हौसा वळून बघते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं असं यंत्र, काठी, चाकाची खुर्ची जपून ठेवलेली असेल, तर ती आजच बाहेर काढा. आम्ही बिघडलो तर दुरुस्त होतो. उरलेले पाच हप्ते हौसानं मला रोज कानात घालून फेडले. पण त्या एकोणीस महिन्यांतलं काशीरामचं बोलणं तिला कोण परत देणार?