विहिरीचं पाणी

पनवेलच्या घरात यूम्नाने आईला, मुबीनाला, कॉम्प्युटरवर नवं पान लावून दिलं. त्यावर काहीही शोधलं, की जाहिरातीचे थोडे पैसे दूरच्या गावातल्या विहिरीच्या कामाला जायचे.

"माझ्या खिशातून काही गेलंच नाही, मग हे दान, हा सदका कसला गं?" मुबीना म्हणाली. तिला आपल्या मरहूम आईच्या नावाने पाणी द्यायचं होतं, पण फुकटातलं नाही.

"अम्मी, नियत बघतात. शोध तर!"

मुबीना शोधत सुटली. सुगरण घरटं कसं विणते? खेकडा तिरपा का चालतो? चंद्राला खळं कशाने पडतं?

"पुरे, भूक लागलीय!"

"थांब, एकच." त्या विहिरीचं पाणी गोडं असेल की मचूळ?

उत्तर सापडेना. तेव्हा तिने हात उचलून, ते गोडं निघू दे, अशी दुआ मागितली. ती मात्र तिच्या पदरची होती.