उघडं अंग

लवू परब कुरिअरच्या नोकरीतून निवृत्त झाले होते आणि मुलगी श्रेयाबरोबर लालबागच्या चाळीत राहत होते. चार वर्षं त्यांच्या पाठीवर, पोटावर आणि कोपरांवर सोरायसिसचे खपल्या धरलेले चट्टे होते. गावच्या वैद्याचं तेल लावून झालं, लेप झाले. श्रेयाने हॉस्पिटलचा विषय काढला की ते म्हणायचे, "चार लोकांत सदरो काढूचो नाय माका." गणपतीला गावी जाणंही त्यांनी सोडलं, कारण तिथे सगळे भाऊ विहिरीवर उघड्याने आंघोळ करत.

श्रेया कलेचा इतिहास शिकत होती. एका रविवारी तिने प्रबंधासाठी चित्रांच्या काढलेल्या प्रिंट कॉटवर मांडल्या. सगळी पाचशे वर्षांपूर्वीची, क्रुसावरच्या येशूची. इटलीतल्या चित्रांत त्याचं अंग नितळ होतं, बरगडीखाली रक्ताची एक बारीक रेघ. एकच चित्र वेगळं होतं. अंग हिरवट पडलेलं, बोटं वाकडी झालेली, कातडीभर फोड.

लवूंनी ते उचललं, चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"ह्येका काय झाला?"

"चाबकाचे व्रण आहेत बाबा. पण हे चित्र एका मठातल्या दवाखान्यासाठी काढलेलं. तिथे कातडीची आग होणारे, हातपाय सडलेले पेशंट यायचे. त्यांना आधी या चित्रासमोर न्यायचे म्हणे."

"म्हणान त्येका त्यांच्यासारख्या अंग दिलानी?"

"बरेच जण तसं मानतात."

"आणि ते बरे झाले?"

"काही झाले. काहींचे पाय कापावे लागले."

लवू प्रिंट जागेवर ठेवून चहा टाकायला गेले.

मंगळवारी सकाळी ते परळच्या हॉस्पिटलात एकटेच गेले. तीन तास रांगेत बसले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "काका, माझे विद्यार्थी बघतील तर चालेल?" लवूंनी होकार दिला.

"धा जण होते," संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी श्रेयाला सांगितलं. "मी उभो रवलंय. एक तुझ्या वयाचां चेडू म्हणालां, काका, दुखता काय? मी म्हटलंय, खाजता."

श्रेयाने त्यांच्या पुढ्यातली अर्धी जुडी आपल्याकडे ओढली.

आता ते आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलात चट्ट्यांवर अतिनील किरणांचा लाइट घ्यायला जातात. पाठ बरीच निवळली आहे. कोपरांवरचे चट्टे मात्र अजून हटलेले नाहीत.