आत्याच्या चालीने

आमच्या आत्याच्या गाडीत बसलं की हमखास झोप लागते, अशी तिची घरभर ख्याती. लांबवर लाल दिवा दिसला की ती पाय उचलते आणि गाडी आपली रेंगाळत रेंगाळत थांबते. मागचे हॉर्न वाजवून घायकुतीला येतात, ही मात्र ढिम्म. त्यामुळे धूर तपासणी केंद्राने तिची गाडी नापास केली तेव्हा माझ्या दादाला चेवच चढला. "आत्या, पुरे आता. विकून टाक. मी सोडत जाईन तुला पोहायला."

दादा वेळेवर कुणाला सोडेल यावर घरात काळं कुत्रंसुद्धा विश्वास ठेवणार नाही. पण आत्या हिरमुसली होती. "शनिवारी मुदत संपते. तोवर पास झाली तर ठेवते, नाहीतर टाकते विकून." तिचं पोहणं, तिच्या मैत्रिणी, मनात येईल तेव्हा उठून जाणं, सगळं त्या गाडीवर. मला रडूच आलं.

गॅरेज माझं. मी गाडीला स्कॅनर जोडला. इंजिनातून निघणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते सांगणारा सेन्सर पार गेला होता. पडद्यावरची रेघ वरखाली नाचायला हवी, ती सपाट. नवा बसवला, तशी रेघ झकास नाचू लागली. मग मी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेला जुना दोष पुसला. आता गोम अशी, की दोष पुसला की गाडी आपल्या सगळ्या चाचण्या विसरते आणि रस्त्यावर त्या नव्याने करते. थंड इंजिन सुरू करायचं, बराच वेळ एकाच वेगाने जायचं, मग ब्रेक न लावता वेग उतरू द्यायचा. तोवर स्कॅनर म्हणणार 'अपूर्ण', आणि अपूर्ण गाडीला केंद्रवाले हातही लावत नाहीत.

"माझ्यावर सोड," दादा म्हणाला. गेला, आला. अपूर्ण. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

"तुझा सेन्सरच बोगस आहे!"

"सेन्सर ठणठणीत आहे. तू एका वेगाने चालवलीस का?"

"पुढे ट्रक होता गं! ओव्हरटेक नको करू?"

शनिवारी सकाळी आत्या पोहण्याची पिशवी घेऊनच आली. "आज मी चालवते. शेवटचं." मी स्कॅनर मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसले, दादा मागे.

हायवेवर आत्याने एक वेग धरला तो धरलाच. ट्रक पुढे गेले, बस गेली. मागून कण्हणं ऐकू आलं, "आत्या, दाब की जरा!"

"का रे, कुणी मागे लागलंय?"

खूप पुढे सिग्नल दिसला. तिने पाय उचलला, गाडी रेंगाळू लागली, आणि स्कॅनरवर एकेक चाचणी 'पूर्ण' होत गेली. ऑक्सिजन सेन्सरचीसुद्धा! मी किंचाळले. आत्या दचकली, पण ब्रेक काही लावला नाही.

"काय केलं मी?"

"काही नाही! नेहमी करतेस तेच!"

तिथून थेट केंद्र गाठलं. गाडी पास झाली. आत्याने मला घट्ट मिठी मारली आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. दादाला सांगावं म्हणून मागचं दार उघडलं, तर तो तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला.

"उठवू नको," आत्या किल्ली फिरवत म्हणाली. "आधी पोहून येते. मग सोडते त्याला घरी."